कनालेट्टो लंडनला जातो: गिऱ्हाईक आटलेल्या चित्रकाराचं एक प्रकरण

व्हेनिसची चित्रं म्हटलं की पहिलं नाव येतं कनालेट्टोचं. हाच माणूस वयाच्या ४८ व्या वर्षी, युरोपभर नाव झालेलं असताना, आपलं शहर सोडून लंडनला गेला आणि तिथे तीनेक वर्षांत लोक कुजबुजायला लागले की हा तो कनालेट्टो नव्हेच, कोणीतरी तोतया आहे. आपल्याकडे पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तो भाऊसाहेब गेल्यावर, इथे तर खरा माणूस जिवंत, समोर उभा, हातात ब्रश, आणि तरी लोकांना शंका! हे कसं झालं, त्याच्यापुढे काय काय मार्ग होते, त्याने काय केलं आणि कुठे चुकलं असं मला वाटतं, ते सगळं नीट मांडायचा प्रयत्न करतोय.

पार्श्वभूमी

खरं नाव जोव्हान्नी अंतोनियो कनाल, जन्म १६९७, व्हेनिस. बाप बर्नार्दो कनाल नाटकांचे पडदे रंगवायचा, त्यामुळे बाप कनाल आणि पोरगा धाकटा कनाल, म्हणजे कनालेट्टो. पोरगाही आधी त्याच धंद्यात. १७१९-२० ला बापलेक रोमला ऑपेराचे सीन रंगवायला गेले आणि तिथून परत आल्यावर याने नाटकाचं काम सोडून शहराची चित्रं काढायला घेतली. पडदे रंगवताना शिकलेलं पर्स्पेक्टिव्ह मात्र जन्मभर कामाला आलं. रिकाम्या स्टेजवर लांबलचक रस्ता आहे असं भासवायचं कसब ज्याला आलं त्याला कालव्याच्या दोन्ही काठांवरचे राजवाडे दूरवर पळत गेलेले दाखवणं काय अवघड!

सुरुवातीची त्याची चित्रं बघा, लंडनच्या नॅशनल गॅलरीत १७२५ च्या आसपासचं 'दगड घडवणाऱ्यांचं अंगण' आहे, त्यात टुरिस्टला दाखवायचं व्हेनिस अजिबात नाहीये. चर्चच्या कामासाठी आणून टाकलेले दगड, बायकांची कामं, पडलेलं पोर, वाळत घातलेले कपडे, ढगाळ हवा. मला विचाराल तर त्याचं सगळ्यात भारी काम हेच. पण पोट अशा चित्रांवर भरत नव्हतं.

पोट भरलं ते इंग्रजांवर. त्या काळी इंग्लंडमधली श्रीमंतांची पोरं शिक्षण झाल्यावर वर्ष-दोन वर्षं युरोप फिरायला निघायची, त्यात इटली मस्ट, आणि परत जाताना घरात लावायला काहीतरी मोठं न्यायचं. व्हेनिसमधून नेण्यासारखी गोष्ट म्हणजे व्हेनिसचंच चित्र. आधी ओवेन मॅकस्विनी नावाच्या ऑपेराच्या धंद्यातल्या आयरिश माणसाने त्याला अशी गिऱ्हाइकं आणून दिली, तो १७२७ च्या पत्रात कुरकुरतोय की हा माणूस लहरी आहे आणि रोज भाव बदलतो. मग आला जोसेफ स्मिथ, व्हेनिसमध्ये राहणारा इंग्रज व्यापारी आणि सावकार, आणि खरा खेळ इथून सुरू झाला.

स्मिथचं घर ग्रँड कॅनॉलवर. तिथेच चित्रं लावलेली, पाहुणा इंग्रज आला की बघणार, ऑर्डर देणार, बाकी पॅकिंग पाठवणी सगळं स्मिथ बघणार. १७३५ ला स्मिथने विझेन्तिनी नावाच्या एनग्रेव्हरकडून (छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर चित्र कोरणाऱ्याकडून) कनालेट्टोच्या १४ चित्रांच्या प्लेट्स करवून घेतल्या आणि पुस्तक काढलं, मूळ चित्रं स्मिथच्या घरी आहेत हे त्या पुस्तकातच लिहिलेलं. म्हणजे सरळ सरळ कॅटलॉग. १७४२ ला तेच वाढवून ३८ प्लेट्स झाल्या. एकट्या ड्यूक ऑफ बेडफर्डने २४ चित्रं नेली, ती अजून त्यांच्या वोबर्न ॲबीमध्ये आहेत. १७३९ मध्ये आलेला द ब्रॉस नावाचा फ्रेंच प्रवासी लिहितो की इंग्रजांनी या माणसाला पार बिघडवलंय, तो मागेल त्याच्या तिप्पट द्यायला तयार असतात.

आता यात गोम अशी की मागेल त्याच्या तिप्पट द्यायला कोणी तयार असलं तरी ते पैसे जाणार कोणाकडे? १७३६ ला स्वीडनचा टेसिन चित्रं विकत घ्यायला आला तर त्याला कळलं की कनालेट्टो स्मिथ नावाच्या इंग्रजाशी चार वर्षांच्या कराराने बांधलेला आहे. पुढे होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने तर लिहूनच ठेवलंय की स्मिथने त्याला वर्षानुवर्षं कमी भावात राबवलं आणि इंग्रजांना चढ्या भावात विकलं. शेतकरी आणि अडत्या, अगदी तेच. माल खपतोय, पट्टी वेळेवर मिळतीये, तर शेतकरी कशाला मुंबईच्या बाजारात जाऊन बघेल की भाव काय चाललाय! आणि अडत्याही अगदी खलनायक नसतो, अडल्यानडल्याला उचल तोच देतो. स्मिथनेही दिली, ते पुढे येतंच.

अडचण

१७४० ला ऑस्ट्रियाच्या गादीवरून युद्ध पेटलं आणि ते १७४८ पर्यंत चाललं. त्याआधी १७३९ पासूनच इंग्लंड-स्पेनची जुंपलेली. आता युरोपातून प्रवास करणंच धोक्याचं म्हटल्यावर कोण बाप आपल्या पोराला मजा करायला पाठवेल? व्हेनिस स्वतः युद्धात नव्हतं, शहर तसंच, चित्रकार तसाच, हातही तसाच, फक्त गिऱ्हाईक यायचं बंद झालं. मंदी म्हणा.

मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कनालेट्टोकडे लोकल मार्केट जवळजवळ नव्हतंच. व्हेनिसच्या माणसाला व्हेनिसचं चित्र कशाला हवंय, खिडकी उघडली की झालं. तिथल्या घराण्यांना पुराणकथा, संत, छतावरची चित्रं हवी होती आणि ती काढायला तिएपोलोसारखे लोक होते. शहराचं हुबेहूब चित्र म्हणजे तिकडे खालच्या दर्जाचं काम समजत. म्हणजे एकच माल, एकाच देशाचं गिऱ्हाईक, आणि तेही एकाच माणसामार्फत. तिन्ही ठिकाणी एकच खांब आणि त्यातला मधला कोसळला.

पुढे काय काय करता आलं असतं

पहिला मार्ग, थांबायचं. युद्ध कधीतरी संपणार, इंग्रज परत येणार. तोवर स्मिथ सांभाळेल. आणि स्मिथने सांभाळलंही. १७४२ ला रोमच्या अवशेषांची पाच मोठी चित्रं काढून घेतली (त्यांवर सही आणि साल अगदी ठळक टाकलंय, एरवी हा माणूस फारशी सही करत नसे, हे लक्षात ठेवा), मग दारांच्या वर लावायची चित्रं, मग ड्रॉइंग्ज, मग एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा उमटवून कागदावर छापलेली चित्रं). ही एकतीस एचिंग्ज स्मिथलाच अर्पण केलीत, तो १७४४ ला ब्रिटिश कॉन्सल झाला ना. पण हे सगळं एका माणसाच्या मर्जीवर. स्मिथच्या भिंती तरी किती असणार!

दुसरा मार्ग, माल बदलायचा. थोडा बदलला त्याने. १७४०-४१ च्या सुमारास भाच्याला, म्हणजे बर्नार्दो बेलोत्तोला, बरोबर घेऊन ब्रेंता नदीकाठाने पादुआपर्यंत गेला, खेडी, बंधारे, घरं काढली. खऱ्या आणि मनातल्या इमारती एकत्र केलेली काल्पनिक दृश्यं काढली. एचिंग तर इतकं सुंदर की हेच पुढे चालवलं असतं तर, असं वाटत राहतं. छापील माल स्वस्त, नेआण सोपी, गिऱ्हाईक घरी यायची गरज नाही. पण मोठ्या कॅनव्हासचा पैसा त्यात नव्हता.

तिसरा, एखाद्या दरबारात नोकरी. भाच्याने हेच केलं. बेलोत्तो १७४७ ला ड्रेस्डेनला गेला आणि पुढच्याच वर्षी सॅक्सनीचा दरबारी चित्रकार झाला. मामाला हे जमलं असतं का? ऑफर आली असती असं वाटतं, पण ठरलेल्या पगारावर, राजा सांगेल ती किल्ल्याची भिंत काढणं हे रोज भाव बदलणाऱ्या माणसाच्या स्वभावात बसत नाही.

चौथा, गिऱ्हाईक येत नाही तर गिऱ्हाइकाकडे जायचं. लंडन. याकोपो आमिगोनी हा व्हेनिसकर चित्रकार लंडनला राहून पैसा गाठीला बांधून परत आलेला, त्याने सांगितलं की जा. शिवाय तिथे ज्यांच्या घरात आपली चित्रं आधीच लागलीत ते सगळे मोठे लोक. आणि एक नवा विषयही तयार होता, थेम्स नदीवर वेस्टमिन्स्टरला नवा पूल बांधणं चालू होतं, शहराला त्याचं भलतं कौतुक. नदी, पूल, राजवाडे, होड्या, म्हणजे व्हेनिसच की.

कागदावर चौथा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा दिसतो आणि त्याने तोच घेतला. माझंही मत तेच आहे, जाणं चूक नव्हतं.

लंडन: सुरुवात

मे १७४६ मध्ये पोचला. महिन्याभरापूर्वीच कलोडनची लढाई होऊन स्टुअर्टवाल्यांचं बंड मोडलं होतं, म्हणजे लंडनकर जरा श्वास घेत होते, टायमिंग बरं. खिशात स्मिथचं शिफारसपत्र, मॅकस्विनीच्या नावाने, तोच जुना कुरकुऱ्या मॅकस्विनी आता लंडनला होता. त्याने ते थॉमस हिल या ओळखीच्या माणसाकडे नेलं, कारण पोचायचं होतं ड्यूक ऑफ रिचमंडपर्यंत. हिलने जो सल्ला दिला तो मला फार आवडतो, ड्यूकला त्याने कळवलं की या माणसाला तुमच्या जेवणघराच्या खिडकीतून नदीचं दृश्य काढू द्या, व्हेनिसच्या कुठल्याही चित्राइतकं नाव त्याला त्याने मिळेल. फुकटचा सल्ला पण सोन्याचा. रिचमंड हाऊसमधून काढलेली ती दोन चित्रं, एक थेम्सचं आणि एक व्हाइटहॉलचं, १७४७ ची, आणि लंडनमधलं त्याचं सर्वोत्तम काम तेच असं बरेच जण मानतात.

बाकी कामंही आली. ह्यू स्मिथसनसाठी वेस्टमिन्स्टर पुलाच्या कमानीतून दिसणारं लंडन काढलं, कमानीचा लाकडी सांगाडा अजून तसाच आणि वरून एक बादली दोरीला लटकलेली. बोहेमियाच्या लोब्कोविट्झने थेम्सची दोन मोठी चित्रं घेतली, आज प्रागमध्ये आहेत. वॉरिक किल्ल्याची चित्रं झाली. जॉर्ज व्हर्च्यू नावाचा एनग्रेव्हर त्या काळच्या लंडनच्या कलाजगताची रोजनिशीच लिहीत होता म्हणा ना, त्याने नोंदवलंय की कनालेट्टोने आपला बराचसा पैसा इंग्लंडमध्ये आणून स्टॉकमध्ये गुंतवलाय म्हणे, व्याज जास्त आणि सुरक्षित म्हणून. म्हणजे पोटासाठी दारोदार फिरणारा हा माणूस नव्हता, पैसा कुठे ठेवायचा हे कळणारा होता.

अफवा

आणि मग १७४९ पर्यंत बोलवा सुरू. व्हर्च्यू लिहितो त्याचा सारांश असा: या माणसात काहीतरी गूढ आहे, इथे काढलेली चित्रं व्हेनिसच्या चित्रांइतकी चांगली नाहीत, माणसं नीट जमत नाहीत, झाडं तर नाहीतच, आणि कोणी बघत असताना हा काम करायला लाजतो, टाळतो, त्यामुळे संशय आणखी वाढला. लोक म्हणत, हा खरा कनालेट्टो नव्हे.

यामागची कारणं मला तीन दिसतात आणि तिन्ही खरी आहेत.

एक, कामाचा दर्जा. सगळीच चित्रं नव्हे पण बरीचशी खरंच यांत्रिक झाली होती. रेषा पट्टीने ओढल्यासारख्या, पाण्यावर तेच ते वेलांटीसारखे पांढरे फटकारे, माणसं म्हणजे रंगाचे ठिपके. हे लंडनला आल्यावर झालं असं नाही, १७३० च्या दशकात ऑर्डरींचा पूर आला तेव्हापासूनच हात ठरलेल्या खुणांनी चालत होता, पण व्हेनिसमध्ये ते खपून गेलं कारण बघणाऱ्याने व्हेनिस चार दिवस पाहिलेलं असायचं. लंडनकराला मात्र स्वतःची थेम्स रोज दिसत होती. तिच्यावर व्हेनिसचं ऊन पडलेलं त्याच्या लगेच लक्षात येणार. (मला ते ऊन आवडतं. पण मी थेम्सकाठी राहत नाही.)

दोन, भाचा. व्हर्च्यूनेच पुढे याचा उलगडा केलाय. भाचा मामाच्या हाताखाली तयार झाला, त्याला लोक धाकटा कनालेट्टो म्हणू लागले, मग तो डोक्यावर बसला आणि मामाने त्याला दूर केलं, पण तोवर हुबेहूब मामासारखं काढायला शिकलेला आणि नाव दोघंही वापरत होते. मग मामा इंग्लंडला, भाचा तिकडे, आणि बातमी पसरली की कनालेट्टो दोन आहेत. आता दोन म्हटल्यावर आपल्याकडे आलेला तो दुय्यमच असणार, असं गिऱ्हाइकाला वाटणं साहजिक आहे.

तीन, ज्यांच्याकडे व्हेनिसची जुनी चित्रं विकायला होती त्यांना खुद्द चित्रकार लंडनमध्ये हजर असणं कितपत सोयीचं होतं? अफवा कोणी मुद्दाम पसरवली असेल तर ती असल्याच लोकांनी.

त्याने काय केलं

गप्प बसून चाललं असतं, कोर्टात जाऊन काही होत नव्हतं, मोठ्या लोकांकडून हमी घेता आली असती. त्याने केलं वेगळंच. जुलै १७४९ मध्ये पेपरात जाहिरात दिली: सेंट जेम्स पार्कचं एक चित्र काढलंय, सभ्य गृहस्थांनी घरी येऊन बघावं, पंधरा दिवस ठरलेल्या वेळात बघता येईल, पत्ता सिल्व्हर स्ट्रीट, गोल्डन स्क्वेअरजवळ, विगन नावाच्या फर्निचरवाल्याचं घर. बास. तोतया वगैरे शब्दही नाही त्यात, कुठे राग नाही, खुलासा नाही.

मला ही चाल फार हुशारीची वाटते. चित्रही नेमकं निवडलेलं, सुमारे अडीच मीटर लांब, आणि विषय जुन्या हॉर्स गार्ड्सची, म्हणजे राजाच्या घोडेस्वार पहारेकऱ्यांची, इमारत जी लगेचच पाडली जाणार होती, त्यामुळे प्रत्येक लंडनकराला ती पाडायच्या आत एकदा चित्रात बघायची उत्सुकता. शिवाय पार्कमधले लोक, कुत्री, गालिचे झटकणारे, सगळं मन लावून काढलेलं, ठिपके नाहीत. म्हणजे आरोप दर्जाचा होता तर उत्तरही दर्जानेच दिलं. हेच चित्र १९९२ च्या लिलावात एक कोटी पाउंडांच्या वर गेलं.

पण एक पंधरवडा, एक चित्र, एका सुताराच्या घरात. त्याने अफवा पूर्ण मेली नसावी कारण जुलै १७५१ मध्ये, मधे काही महिने व्हेनिसला जाऊन आल्यावर, त्याला पुन्हा तसलीच जाहिरात द्यावी लागली, आता चेल्सी आणि रॅनेलाचं नदीवरून दिसणारं दृश्य. त्या चित्राचं नशीब बघा, पुढे कोणीतरी ते मधोमध कापलं, डावा भाग इंग्लंडमध्ये ब्लिकलिंग हॉलला आणि उजवा क्युबात, हवानाच्या म्युझियममध्ये.

मग थॉमस हॉलिससाठी सहा चित्रं. त्यातल्या वॉल्टन पुलाच्या चित्रामागे त्याने लिहून दिलं की हे १७५४ मध्ये लंडनला, पहिल्यांदा आणि शेवटचं, संपूर्ण लक्ष देऊन काढलंय. हे वाक्य प्रेमापोटी आलेलं नाही, ती सरळ गॅरंटी आहे: खरं आहे, एकच आहे, आणि हाताखालच्या पोरांनी उरकलेलं नाही. पुढच्याच वर्षी तोच पूल वेगळ्या बाजूने सॅम्युअल डिकरसाठी काढला, ज्याच्या पैशाने पूल झाला त्याच्यासाठी. बाजू वेगळी, म्हणजे शब्द मोडला नाही म्हणायला जागा आहे!

निष्पन्न

१७५५ नंतर तो व्हेनिसला परत गेला आणि नशीब असं की १७५६ ला सात वर्षांचं युद्ध सुरू, पुन्हा प्रवासी बंद. १७६२ मध्ये स्मिथने आपला सगळा संग्रह तिसऱ्या जॉर्ज राजाला वीस हजार पाउंडांना विकला, त्यात कनालेट्टोची पन्नासच्या आसपास चित्रं आणि १४० च्या वर ड्रॉइंग्ज होती. ब्रिटिश राजघराण्याकडे आज जो खजिना आहे तो हाच. चित्रकाराला यातलं काय मिळणार, त्याचा माल कधीच उचलला गेला होता.

व्हेनिसच्या अकादमीने जानेवारी १७६३ मध्ये त्याला सभासद करून घ्यायला नकार दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात घेतलं, वय ६५. प्रवेशाचं चित्र म्हणून त्याने शहराचं दृश्य दिलं नाही, १७६५ ला खांबांच्या ओवरीचं काल्पनिक दृश्य दिलं, म्हणजे अकादमीची नाकं कुठे मुरडतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १७६६ ला सान मार्कोच्या गायकांचं ड्रॉइंग काढलं आणि खाली लिहिलं, वय ६८, चष्म्याशिवाय. एप्रिल १७६८ मध्ये गेला. लग्न केलेलं नव्हतं. मागे थोडी मालमत्ता, जुने कपडे आणि स्टुडिओत न विकलेली २८ चित्रं.

वेगळं काय करता आलं असतं

लंडनला जाणं बरोबर, जाहिरात बरोबर, हे वर म्हटलंच. माझ्या मते घोटाळा आधीच्या दोन ठिकाणी आहे.

पहिलं म्हणजे १७३० चं दशक. हातात पैसा, मागणी तिप्पट, तेव्हाच इंग्लंडमध्ये स्मिथखेरीज दुसरी एक वाट उघडून ठेवायला हवी होती. स्मिथच्या करारामुळे गिऱ्हाइकाला चित्र माहीत होतं, चित्रकार माहीत नव्हता. बेडफर्डच्या घरात २४ चित्रं लागलेली असूनही लंडनच्या रस्त्यावर या माणसाला ओळखणारे मोजकेच, म्हणून तर तोतयाची अफवा उभी राहू शकली. करार मोडायला कोणी सांगत नाही, पण अधूनमधून दोन ऑर्डरी थेट घेतल्या असत्या तरी फरक पडला असता.

अर्थात उलट बाजूही आहे. स्मिथ नसता तर १७४१ नंतरची चार-पाच वर्षं कशी निघाली असती? एकालाच धरून राहिल्याने तो अडकला आणि त्याच एकाने त्याला तारलंही. त्यामुळे स्मिथला शिव्या घालणं सोपं आहे पण मला तितकंसं पटत नाही. आणि दरबारी नोकरीचा मार्ग सुरक्षित होता असंही नाही, १७६० मध्ये प्रशियाच्या तोफांनी ड्रेस्डेन भाजून काढलं त्यात बेलोत्तोचं घर गेलं, १७६३ ला राजा वारला आणि दरबाराची नोकरीही गेली.

दुसरं म्हणजे नाव. सही करायची नाही, भाच्याने तेच नाव लावलं तर लावू द्यायचं, आणि भांडण झाल्यावरही नावाचा निकाल लावायचा नाही, हे महागात पडलं. १७४२ च्या रोमच्या चित्रांवर जशी ठळक सही आणि साल टाकलं तसं लंडनच्या पहिल्या चित्रापासून टाकलं असतं आणि भाच्याला सांगितलं असतं की बाबा, तू बेलोत्तो म्हणून सही कर, तर १७४९ ची जाहिरात द्यायची वेळ आली असती का, मला शंका आहे. भाच्याने मात्र 'कनालेट्टो म्हणून ओळखला जाणारा बेलोत्तो' अशी सही चालूच ठेवली, ड्रेस्डेनला आणि पुढे वॉर्सात १७८० ला मरेपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जमीनदोस्त झाल्यावर जुन्या रस्त्यांची पुनर्बांधणी करताना त्याच्याच चित्रांचा आधार घेतला गेला. आजही पोलंडमध्ये नुसतं कनालेट्टो म्हटलं तर लोक भाच्याबद्दल बोलत असतात, आणि ड्रेस्डेनमध्ये नदीकाठच्या ज्या जागेला 'कनालेट्टोचं दृश्य' म्हणतात तिथे मामा कधी उभाच राहिला नव्हता.